गौप्यस्फोटाची वही

करंजाड्यातली ती वहीची चोरी काही केल्या डोक्यातून जात नाही.

तक्रारदार निवृत्त नर्सबाई. हयात बाळंतपणं करण्यात गेलेली. त्यांनी आठवणी लिहून काढल्या आणि पनवेलच्या छपाईवाल्याला तेवढं सांगितलं. पठ्ठ्याने वही न बघताच फ्लेक्स लावला: 'नर्सबाईंचा गौप्यस्फोट! लवकरच!' हल्ली कोणी चार खऱ्या गोष्टी लिहिल्या की हाच शब्द चिकटवतात. तिसऱ्या दिवशी भरदुपारी वही गायब.

पंचनाम्याला मी स्वतः गेलो. कपाट उघडं, पण सोन्याच्या बांगड्या जागेवर. ओट्यावर सोललेली कोलंबी, तिच्यावर ताट, ताटावर वरवंटा.

"हे तुम्ही ठेवलंत?"

"छे हो! मी उघडीच टाकून दवाखान्यात गेले होते."

मांजराच्या भीतीने कोलंबी झाकून जाणारा चोर म्हणजे बाईमाणूस, तेही शेजारचंच. चौकशीसाठी बायकांना ठाण्यात बोलवायचं नसतं, म्हणून महिला शिपायाला घेऊन मीच घरोघर फिरलो. तिसऱ्या घरातल्या शेजारणीला सहज म्हणालो, "वहीचं जाऊ द्या, बाईंची कोलंबी मांजराने फस्त केली."

"नाय ओ! मी वरवंटा ठेवलाय ना वर!" म्हणाली आणि तोंडावर पदर धरला.

तिची लेक तेव्हा कॉलेजात गेली होती. रडत रडत सांगू लागली, "साहेब, पोर माज्या पोटची नाय. बाईंनीच दत्तकाचे कागद करून पदरात घातली. तिला ठावं नाय. लोक बोलाय लागले, बाई आता सगल्यांचं फोडनार."

"वहीत तसं आहे?"

"मला कुटं वाचता येतंय? जालनार होती, पन बाईंचं अक्षर हाय. हात धजला नाय."

तांदळाच्या डब्यातून वही निघाली. तिथेच बसून सगळी वाचली. बाईंनी स्वतःचंच लिहिलं होतं, नवऱ्याने टाकल्यापासूनचं. शेवटी एक ओळ: 'दुसऱ्यांच्या घरातलं मी लिहिणार नाही. ते माझं नाही.' ती मी मोठ्याने वाचली. तिने पुन्हा वाचायला लावली.

बाईंना कळलं तशा त्या तडक आल्या. मला वाटलं, आता जुंपणार. "अगं येडे, विचारायचंस तरी!" म्हणत त्यांनी तिला पोटाशी धरलं. तक्रार मागे घेतली. छपाईवाल्याला मात्र मी चांगलं झापलं आणि फ्लेक्स उतरवून घेतला.

आता निवृत्तीनंतर मी पोलिसातल्या आठवणी लिहायला बसलोय, तर प्रकाशक म्हणतात, "साहेब, एखादा गौप्यस्फोट टाका की!" गुपितं पोतंभर आहेत माझ्याकडे. पण एकेक गुपित कोणाचं तरी घर असतं, हे मी त्या डब्यापाशी शिकलो.

ही हकीगत लिहायची ठरली तेव्हा आधी त्या आईकडे गेलो.

"लिवा," ती म्हणाली. "पोरीला मीच सांगितलंय आता. नाव नको. आन् छापायच्या आदी मला वाचून दाखवा."

काल वाचून दाखवली. लेक शेजारीच बसली होती.