खडू लावलेले बूट

नातवाच्या कॅनव्हासच्या बुटांना ओला खडू लावताना तो वास आला आणि बोरीवलीची आमची पडवी आठवली. कॉलेजात असताना लांब पल्ल्याच्या शर्यतीत मी कायम पहिला. आईने हौसेने बूट घेतले होते, पण मला अनवाणीच पळता यायचं. त्यामुळे जिंकल्यावर घराच्या अलीकडे मी ते घालायचो आणि वरून लाल माती चोळायचो.

त्या दिवशी कप बघून आई म्हणाली, “बुटांनी जिंकवलं ना?”

“मग काय!” मी ठोकून दिलं.

तिने पडवीत बूट घासले, ओला खडू लावून उन्हात ठेवले. मग माझ्या तळपायांना कोमट खोबरेल चोळत बसली.

आज नातवाचा बूट उलटा केला. तळ पार झिजलेला.

माझ्या बुटांचे तळ शेवटपर्यंत कोरे होते, आणि ते दर वेळी आईच घासायची.