चौकटीतलं खेचर

माझं वाचन पत्रकांवर झालं. वडील नाशिकला सातपूरच्या कारखान्यात कामगार होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. नव्वदच्या दशकात आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती. पत्रकांचे गठ्ठे होते, आणि त्यांना टेकून मी अभ्यास करायचे. वडिलांचा एकच नियम होता. "वाचणारा पाळी सुटून निघालाय, त्याचा एक पाय पॅडलवर आहे. त्याला थांबवायचं तर फालतू काढून टाक." फालतू काय, ते लाल पेन्सिलीनं चौकट करून दाखवत. दहावीपर्यंत मला कुठल्याही मजकुरात चौकटी दिसायला लागल्या होत्या.

माझी जिवाभावाची मैत्रीण कळवणकडची. दोन हजार साल उलटून गेलं होतं, आम्ही कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो, आणि तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. त्यासाठी ती आणि तिची आई पंचवटीत खोली घेऊन राहिल्या. मेन रोडच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून तिनं पाच जाडजूड इंग्रजी खंड आणले होते, मुखपृष्ठावरचे काळे डोंगर बघून. पण सुया टोचलेला हात हलवायचा नसतो आणि दुसऱ्या एका हातात तो खंड पेलत नाही. तिचं इंग्रजीही अडखळत चालायचं. म्हणून मी वाचायचे आणि वाक्यागणिक मराठीत सांगायचे.

"पाचही संपवायचे," तिनं पहिल्याच दिवशी बजावलं. "मला शेवट ऐकायचाच हाय. मधेच मोर्चाला पळालीस तर बघ, कॉम्रेडबाई."

मला त्या पुस्तकाचा रागच होता. एक राज्य, आणि रोज एक गाव गिळणारा अंधार. त्याच्या मुळाशी जायला निघालेली दोघं, खेचर हाकणारी एक बाई आणि सैन्यातून पळालेला शिपाई. बाहेर कारखान्यांना टाळं लागत होतं आणि मी राजेरजवाड्यांच्या गोष्टी सांगत बसले होते. मग मी मला येतं ते केलं. रात्रपाळीच्या पत्रकासारखा तो खंड आदल्या दिवशी वाचून चौकटी केल्या. दोघांची भांडणं, करपलेली भाकरी कुणी खायची यावरची पानभर हुज्जत, आणि कुणीतरी बेसूर गायलं तरच पाऊल टाकणारं ते खेचर, सगळं चौकटीत गेलं. अंधार, जळालेली गावं, लढाई तेवढी ठेवली. दोन खंड असे संपवले. ती शांतपणे ऐकायची. मला वाटायचं, पोचतंय.

तिसरा खंड सुरू झाला तेव्हा तिनं घरी दुसरा सहज उघडला. पुढच्या वेळी मशीन सुरू झालं आणि तिनं विचारलं, "खेचर कुठंय?"

"कुठलं?"

"लाल चौकटीतलं. दोन दिवस डिक्शनरी घेऊन बसले मी."

"त्याचा कथेशी संबंध नाही गं."

"मग माझा काय संबंध हाय?" तिचा आवाज चढला. "दोन खंड तू मला नुसती मेलेली माणसं ऐकवलीस. ती काय, इथं शेजारच्या खाटंवरबी असत्यात. पहिल्यापासून वाच. चौकटीसकट."

मी पहिल्यापासून वाचलं. आणि खरं सांगते, तेव्हा कुठं मला तो अंधार दिसला. दोघं भाकरीवरून भांडत असताना मागचं गाव नाहीसं व्हायचं आणि मग दोघंही गप्प व्हायची, त्या गप्प होण्यात तो दिसायचा. आमच्या पत्रकांतला माणूस उपाशी असतो, पण कधी कुणाची चेष्टा करत नाही. असा माणूस मी कारखान्याच्या एकाही गेटवर पाहिलेला नाही. माझे वडीलसुद्धा संपात सगळ्यात जास्त हसवायचे.

शिपाई खेचरासाठी गायला लागला तेव्हा ती इतकी हसली की नळी ओढली गेली आणि मशीन टींटीं करायला लागलं. सिस्टर धावत आली. "काय वाचता गं हे? बंद करा बघू!" परत जाताना रिक्षात ती सगळं आईला सांगायची. आई चारही तास बाहेर बाकावर असायची.

चौथ्या खंडाच्या मध्यावर ती फार थकली. डोळे मिटलेले असायचे. मी म्हटलं, "पुढचं मी घरी वाचून थोडक्यात सांगू का? शेवट तरी कळेल."

"पुन्हा पत्रक?" ती डोळे न उघडता म्हणाली. "नको. ते दोघं डोंगरात उपाशी हायेत, खेचर पळालंय. त्यांना तिथं टाकून पुढं कसं जायचं?"

पुढच्या डायलिसिसची वेळ आली नाही.

माझ्या चौकटींमध्ये गेलेले ते आठवडे तिच्याजवळ असते, तर ती पाचव्या खंडापर्यंत पोचली असती. हे मला कुणी बोलून दाखवलेलं नाही.

दहावं झाल्यावर मी कळवणला तिच्या घरी गेले. तिची आई, काकू, ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मीही शेजारी बसून शेंगा घेतल्या. मग त्यांनी विचारलं, "ते खेचर घावलं का गं?"

मलाही माहीत नव्हतं. तिला सोडून पुढं वाचायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पुस्तकं तिथल्याच कोनाड्यात होती. चौथ्यात तिच्या केसांची रिबीन खुणेला होती, तिथून मी सुरू केलं. दोन पानांनंतर डोंगराच्या पलीकडून खेचर ओरडलं, असं आलं. मी तसं सांगितलं.

"असं नाय," काकू म्हणाल्या. "ती आवाज काढून दाखवायची."

गेटवर माईकशिवाय हजार माणसांना ऐकू जाईल अशी मी बोलते. मी खेचराचा आवाज काढला. फार वाईट निघाला. काकू हसल्या नाहीत. हातातली शेंग तशीच धरून थोडा वेळ ऐकत राहिल्या.

"हां," म्हणाल्या. "वाच पुढं."