शोभाताईंनी माझा घोडा सोडला

रविवार, २७ जुलै, दुपारी चार वाजून वीस मिनिटं. ठिकाण भंडारा, आमची बैठकीची खोली. या वेळी माझ्या धाकट्या नणंदबाई शोभाताई यांनी माझा घोडा, मला न विचारता, कायमचा सोडून दिला.

तारीख-वेळ मुद्दाम लिहिली आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, तक्रार करायची तर नीट लिहून करा, नाहीतर कोपऱ्यात बसून रडा... मी रडणाऱ्यातली नाही.

घोडा व्हिडिओ गेममधला आहे. हसून झालं असेल तर पुढे वाचा.

रिटायर झाल्यावर सगळे मला भजनी मंडळ सुचवत होते. मुलीने पुण्याहून हा नवा गेम पाठवला आणि मी वाचले. तलवारी, जादू, ड्रॅगन सगळं आहे, पण मला आवडला तो तिथला मोकळा मुलूख. डोंगर दिसला की चढा, नदी दिसली की उतरा... कुठे निघालात, केव्हा येणार, स्वयंपाकाचं काय, कुणी विचारत नाही.

तक्रारी आहेतच. तिथल्या लढवय्या बायकांचं चिलखत पोटाच्या वरच संपतं. ड्रॅगन राहू द्या, आमच्याकडचे डासच त्यांना पुरतील. गेममधल्या माझ्या बाईला मी पहिल्याच दिवशी जाड अंगरखा घेऊन दिला. दुकानदार दर वेळी तेच एक वाक्य बोलतो, पण तसे दुकानदार आमच्या बाजारातही आहेत.

माझा घोडा कोळसा मात्र सगळ्यांत वेगळा. काळाभोर, कपाळावर पांढरा ठिपका. तळ्याकाठच्या रानटी कळपातून मी त्याला पकडला. त्याने मला चिखलात पाडलं, माझी सफरचंदं खाल्ली आणि पुन्हा पाडलं. शेवटी पाठीवर बसू दिलं, तेव्हा मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की शेजारच्या बाई काय झालं ते बघायला आल्या.

शोभाताई अड्याळला एकट्या राहतात. भाताची रोवणी आटोपली म्हणून त्या रविवारी आल्या आणि गेम बघत बसल्या. ड्रॅगनकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. नजर सगळी घोड्यावर.

“वहिनी, केव्हाच्या पळवून राहिल्या त्याले! चारापानी काही देता का नाही?”

त्याला भूक लागत नाही, असं मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कालच लग्न होऊन या घरात आले आहे.

मी त्यांच्यासाठीच भजी तळायला आत गेले. कंट्रोलर त्यांच्या हातात देऊन म्हटलं, नुसता धरून ठेवा. तेवढ्यात गेममध्ये संध्याकाळ झाली... आणि बाईंनी बटणं दाबत दाबत ‘रिलीज’ शोधून काढलं. मी झारा घेऊन बाहेर आले तेव्हा कोळशाची शेपटी झाडीत दिसेनाशी होत होती.

“काहून सोडला?” मी ओरडले. रागात माझं कॉन्व्हेंट टिकत नाही.

“दिवस बुडला ना वो. रातभर काय खोगीर पाठीवर ठेवता जनावराच्या?”

“कायमचा सोडायचा का, असं इंग्रजीत विचारलं होतं त्यात!”

“मले येते इंग्रजी. मॅट्रिक झाली मी. त्यानं विचारलं, पक्कं का? मी म्हटलं, हो बाबा, पक्कं. पोट भरलं का येते तो घरी.”

गेमने तोवर सगळं सेव्हही करून टाकलं होतं. आम्ही दोघी गेममधल्या गावाच्या वेशीवर नजर लावून बसलो. गेममधली रात्र सरली, कोंबडा आरवला, दुकानदार त्याचं ते वाक्य बोलला... घोडा आला नाही.

मग मी बोलले. बरंच बोलले आणि त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. शोभाताईंनी भज्यांची बशी हळूच बाजूला ठेवली आणि पाचच्या एसटीने निघून गेल्या.

रोज सकाळी चहाच्या वेळी त्यांचा फोन येतो. सोमवारी आला नाही. मंगळवारी मी केला, त्यांनी उचलला नाही. घोडा गेला तर गेला, पण सकाळचा चहा असा मुकाट्याने घशाखाली उतरेना.

बुधवारी दुपारी मी कोळशाला शोधायला निघाले... पायी. घोड्यावरून मी कुठून कुठून दौडत गेले होते आणि काय काय पाहिलंच नव्हतं! दगडी पुलाखाली एक म्हातारी कपडे धूत होती. वेलीखाली झाकलेली विहीर होती. तळं जवळ आलं तसे बेडकांचे आवाज येऊ लागले, अगदी आपल्या भाताच्या बांधीतल्यासारखे.

काठावर कळप चरत होता आणि त्यात तो कपाळावरचा ठिपका. मी शीळ घातली. कोळशाने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं.

माझ्याकडे सफरचंद होतं. पकडू शकले असते... पण इतका निवांत मी त्याला कधी पाहिलाच नव्हता. स्क्रीनचा फोटो काढला आणि शोभाताईंना पाठवला.

तासाभराने त्यांचा व्हॉइस मेसेज आला. एकच वाक्य. “पोट भरल्यासारखं दिसते वो त्याचं.”

तो मी चारदा ऐकला. त्यांचा आवाज ऐकून किती बरं वाटलं, ते त्यांना सांगणार नाही. इथे वाचतीलच.

तरीही तक्रार कायम आहे. शोभाताईंना या पोस्टमध्ये टॅग केलं आहे. कोळशाला परत आणायचा की तळ्यावरच राहू द्यायचा, हे ज्यांनी सोडला त्यांनी समोर बसून ठरवायचं आहे. सकाळचे फोन उद्यापासून सुरू व्हावेत आणि आपण कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीने येता, ते पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवावं. व्हॉइस मेसेज चालणार नाही.