तेल खाणारं खत

भनपुरीची ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली; शेणखताचा वास आला की मात्र ती आठवतेच. सन २००० मध्ये तिथे नवं राज्य झालं तेव्हा मी तिथल्या ट्रक-डेपोत सुपरवायझर होतो. तेल सांडून काळ्या पडलेल्या मातीत आमच्या डेपोतल्या एक झाडूवाल्या मावशी घरच्या म्हशींचं कुजलेलं शेणखत मिसळत होत्या. मी हसलो, तर म्हणाल्या, "काहून हासून राहिले, साहेब? हे खत तेल खाते." वर्षभर त्यांनी ती माती ओली ठेवली, खालीवर केली, आणि तिथे गवत उगवलं. मोठ्या साहेबांनी विचारलं, "किसका आइडिया?" मावशींसमोरच मी म्हणालो, "मेरा, सर." त्या झाडू उचलून पुढचं झाडायला लागल्या. निवृत्तीनंतर माफी मागायला त्यांच्या घरी गेलो, तर चहा देत त्या सुनेला कौतुकाने म्हणाल्या, "हेच ते साहेब. यायनंच ते माती बरी केली." मी मान डोलावली, चहा प्यायलो आणि माफी न मागताच परत आलो.