दोघींचं सूप

मोर्शीजवळच्या आमच्या गावात काही हरवलं की लोक पोलिसांआधी जमुनाबाईंकडे जात. सुपाच्या काठात कात्री खोचायची, कात्रीच्या एका कडीखाली जमुनाबाईंनी आणि दुसरीखाली त्यांची धाकटी जाऊ शालूबाई हिनं बोट धरायचं, आणि अधांतरी सुपापुढे एकेक नाव घ्यायचं. ज्याच्या नावाला सूप फिरलं तो चोर. मी शाळामास्तर, मला या प्रकाराचा मनस्वी राग. पण माझी सायकल गेली तेव्हा मीही तिथंच जाऊन बसलो होतो, हे गाव अजून विसरलेलं नाही.

दोघी विधवा, एका चुलीवर जेवणाऱ्या. तीन वर्षांपूर्वी जमुनाबाईंचीच सोन्याची पोत हरवली. सूप धरलं. घरच्यांचीही नावं घ्यायची रीत होती. शालूबाईच्या मुलाचं, अनुपचं नाव आलं आणि सूप गर्रकन फिरलं.  आठवड्याच्या आत अनुप नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात लागला आणि आईलाही घेऊन गेला.

त्यानंतर जमुनाबाईंनी सूप धरलं नाही. कुणी म्हणे, माझ्या बायकोसंगं धरा, तर त्याला हाकलून लावत. एकटीपुरती भाकरी थापायच्या, तीही अर्धी उरायची. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

यंदा तुरीची कोठी रिकामी करताना तळाशी पोत सापडली. ती मुठीत धरून त्या माझ्या दारात आल्या.

"मास्तर, शालूले फोन लावून द्या. माह्या मनात अनुपचा संशय होता. माहंच बोट हललं असन. मले माफी मागाची हाय."

मी फोन लावून आवाज मोठा केला. जमुनाबाईंनी रडत रडत सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "घरी ये वं. एकटीनं राहवत नाई मले."



"तुमचं बोट नाई हललं, बाई," शालूबाई म्हणाली. "माहं हललं. मलेच वाटलं होतं त्यानं घेतली."

"त्याले मालूम हाय?"

"नाई. तो समजते तुमीच फिरवलं. रोज म्हणते, माय, तू एकटीच माह्या बाजूनं होती. आता त्याले काय सांगून घरी येऊ?"

जमुनाबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"मंग मीच फिरवलं, असंच राहू दे," त्या म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात दिला.