सुरेखाची चौदावी पणती

या धाग्यावरचे अनुभव मी रोज सकाळी चहाबरोबर वाचते आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना हसते. कुणाला चकवा लागतो, कुणाला मागून हाक येते... आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नव्हता. वडील शास्त्राचे शिक्षक, मी कॉम्प्युटर डिप्लोमावाली. त्यामुळे पुढचं लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण लिहिते. यात न कळणारी गोष्ट एकच आहे, बाकी सगळा माझा जळकेपणा आहे — आणि तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

साल १९९९, दिवाळीच्या आधीचा आठवडा. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमच्या सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. पाच मशीन, एक मोडेम, आणि इंटरनेट लावलं की क्लासचा फोन बंद. सरांनी नुकतीच वेबसाईटची कामं घ्यायला सुरुवात केली होती. त्यातलं पहिलं मोठं काम माजी सैनिकांच्या एका संस्थेचं. साईट तयार होती, ती त्यांना दिवाळीसाठी सजवून हवी होती.

सर म्हणाले, "दोघी एकेक पान करा. जिचं पान संस्थेला पसंत पडेल, तिला मी पुण्याच्या नव्या ऑफिसला घेणार."

दोघी म्हणजे मी आणि सुरेखा. मी तिथे दोन वर्षं शिकवत होते. सुरेखा मेढ्याजवळच्या एका वाडीतली, शेतकऱ्याची मुलगी, रोज एसटीने यायची. सहा महिन्यांपूर्वी माझ्यासमोर बसून माऊस धरायला शिकलेली! आणि आता तिचं नाव माझ्या नावाच्या शेजारी. सर तिला काही समजावायला लागले की माझं डोकं तडतडायचं.

पुणं मला हवं होतं. घरात सांगलीच्या एका स्थळाचं चाललं होतं आणि नोकरी मिळाली तरच ते लांबणार होतं. त्यामुळे मी जीव ओतून पान केलं. आकाशकंदील हलता, 'शुभ दीपावली' इकडून तिकडे पळतंय. एका अमेरिकन साईटवरून ख्रिसमसचा बर्फ पाडायचा कोड उचलला, बर्फ पिवळा केला... झाल्या फुलबाजीच्या ठिणग्या. स्वतःवरच खूश होते मी.

सुरेखा मात्र चार दिवस नुसत्या पणत्या काढत बसली होती. पेंटमध्ये, माऊसने, एकेक ठिपका भरत. बत्तीस पणत्या, आणि प्रत्येकीची फाईल वेगळी.

मी म्हटलं, "अगं बाई, एकच काढ आणि तीच बत्तीस वेळा दाखव. पान पटकन उघडेल. एवढंही शिकवलं नाही का मी तुला?"

"तसं कसं हो ताई?" ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली. "दुसऱ्याच्या दारातली पणती उचलून आपल्या दारात ठिवतंय का कुनी? ज्याची त्याची येगळीच पायजे."

मी हसले. कपाळावर हातही मारला. पण पान पूर्ण झालं तेव्हा हसू पळालं. काळ्या पार्श्वभूमीवर चार ओळींत बत्तीस पणत्या. कुठली जरा वाकडी, कुठलीची वात मोठी, कुठली तेल सांडलेली... एखाद्या गल्लीत दारोदार लावलेल्या असाव्यात तशा. माझा पळणारा मजकूर त्यापुढे जत्रेतल्या पाळण्यासारखा वाटायला लागला. मला ते पान आवडलं, आणि आवडलं म्हणूनच राग आला.

दुसऱ्या दिवशी अकराला संस्थेचे लोक येणार होते. आदल्या दिवशी चारला सुरेखा एसटी गाठायला निघाली. सर बाहेर गेले होते. सर्व्हरचा, म्हणजे आमची पानं जिथे चढवली होती त्या इंटरनेटवरच्या कॉम्प्युटरचा, पासवर्ड फक्त सरांना आणि मला माहीत — सीनियर ना मी! मी नेट लावलं आणि तिच्या पणत्यांमधली चौदावी पुसून टाकली. चौदावीच का, तर ती मधे येते, कडेची गेली तर लक्षात येणार नाही. सर्व्हरवरून पुसली, मशीनवरून पुसली, ड्रॉवरमधल्या तिच्या फ्लॉपीवरूनही पुसली. पान उघडून पाहिलं, पणतीच्या जागी रिकामा चौकोन आणि त्यात लाल फुली. म्हटलं, बस आता.

सकाळी अकराला संस्थेचे अध्यक्ष आले. रिटायर्ड सुभेदार, मिशा पांढऱ्या, बरोबर दोन सदस्य. सरांनी केबिनमधल्या नव्या मशीनवर साईट लावली. ते मशीन आदल्या संध्याकाळी खोक्यातून निघालेलं, त्याला नेट त्याच सकाळी जोडलेलं. आधी माझं पान. सुभेदार म्हणाले, "झ्याक हाय." मग सुरेखाचं.

मी त्या चौकोनाची वाट बघत होते. ओळीमागून ओळ उमटत गेली. पहिली ओळ... दुसरी... आणि बत्तीसच्या बत्तीस पणत्या! चौदावी जागेवर. तिची ती डावीकडे जरा चेपलेली कड, तीच वात.

सुरेखा हळूच म्हणाली, "सर, माऊस एकेका पणतीवर न्या की."

सरांनी नेला. पणतीवर बाण थांबला की छोट्या पट्टीत इंग्रजी अक्षरांत एक नाव आणि गाव येत होतं. तिच्या वाडीतले आणि आसपासचे, सध्या फौजेत असलेले बत्तीस जण. मी चार दिवस शेजारी बसूनही कधी बाण नेऊन पाहिला नव्हता. सुभेदार खुर्ची ओढून पुढे सरकले आणि एकेक नाव मोठ्याने वाचायला लागले. चौदाव्याला थांबले.

"ह्यो कोन, पोरी?"

"माझा दादा हाय. वर बर्फात हाय. दोन म्हैने झालं, पत्र न्हाई. आई फराळाचं कायच करंना."

सुभेदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "सर, हेच पान ठेवा. आनि ह्या पोरीला पुन्यालाच काय, कुठंबी न्या."

बाहेर येऊन माझ्या मशीनवर सर्व्हर उघडला. फाईली मोजल्या, एकतीस. चौदावी नव्हती. पान उघडलं, चौदावी पणती होती. राईट क्लिक करून ती सेव्ह करायला गेले, तर उत्तर आलं — फाईल सापडत नाही. सापडत नाही म्हणे, आणि समोर तेवतेय!

तुम्ही म्हणाल, ब्राउझरमध्ये जुनी प्रत राहते. मला ते ठाऊक आहे, मी ते शिकवायचे. ती प्रत मी साफ केली, मशीन बंद करून चालू केलं, पाचही मशीनवर पाहिलं. आणि केबिनमधल्या कोऱ्या मशीनमध्ये जुनी प्रत येणार कुठून? तुळशीच्या लग्नानंतर सरांनी पान उतरवलं, तोवर मी रोज पाहत होते. फाईली एकतीस, पणत्या बत्तीस.

सुरेखा पुण्याला गेली. माझं सांगलीला लग्न झालं. तिचा भाऊ पुढे सुखरूप परतला, आता मेढ्याला जीप चालवतो. त्याचा याच्याशी संबंध लावायला मी तयार नाही, उगाच लावूही नका.

पाच वर्षांनी ती मला सांगलीत भेटली, माझ्या सासरकडच्या एका लग्नात. तिच्या पुण्याच्या मैत्रिणीचं लग्न होतं म्हणे. छान साडी, स्वतःची छोटी कंपनी, हाताखाली सहा माणसं. मला बघून धावत आली आणि चक्क वाकून नमस्कार केला. माझं डोकं परत तसंच तडतडायला लागलं. मग मला मांडवाच्या कडेला घेऊन गेली.

"ताई, एक इचारू? राग मानू नका. त्या दिवाळीला दादाची पणती तुमीच पुसली व्हती न्हवं?"

मी मांडवातल्या गर्दीकडे बघायला लागले.

"त्या दिशी यष्टीला येळ व्हता म्हून स्टँडजवळच्या नेट कॅफेत पान उघडून बघितलं मी. दादाच्या जागी नुसता चौकोन आन लाल फुली. घरी जाऊन आईला कायच बोलले न्हाई, पन लय रडले. सकाळी सरास्नी सांगनारच व्हते. आन केबिनमधी बघते तर पणती जागेवर!" तिने माझा हात धरला. "तवा कळलं, ताईंना राहवलं न्हाई. ज्यांनी पुसली त्यांनीच परत लावली. म्हून मी आजवर कुनाला बोलले न्हाई. तुमचं लय उपकार हायत."

म्हणजे पणती खरोखरच गेली होती, आणि ते पाहणारी मी एकटी नव्हते. तोंडापर्यंत आलंही होतं, की सुरेखा, मी नाही गं लावली, ती कुणी लावली मला माहीत नाही.

पण मी तिच्याकडे पाहिलं. हिला पुणं मिळालं, कंपनी मिळाली, भाऊ परत आला. आणि त्यावर आता हेही, की हिच्यासाठी कुणीतरी, काहीतरी, न बोलावता धावून येतं? माझ्यासाठी कधी आलं का?

"हो," मी म्हटलं. "मीच लावली परत."

तिचे डोळे भरून आले. ती माझ्या गळ्यात पडली. इतकी वर्षं झाली, ती पणती कुणी लावली ते मला अजून कळलेलं नाही... आणि सुरेखाला ती मी लावली असंच वाटतंय.