कॅप्टनच्या पुढे

आमच्या कोंकार्नोच्या मासळीबाजारात रोझेनचा आवाज थेट बंदरावर ऐकू येतो. आयुष्य गिऱ्हाइकांशी हुज्जत घालण्यात गेलेलं, राग नाकाच्या शेंड्यावर. पण त्या दिवशीच्या रागाला कारण होतं, ते आधी ऐका.

आमच्या सायकल क्लबची दोनशे किलोमीटरची फेरी, रोझेनही होतीच. शर्यत नव्हे, अजिबात नव्हे! सगळ्यांनी एका घोळक्यात, ठरल्या वेगानं जायचं आणि सगळ्यांत पुढे कॅप्टन. त्याला ओलांडलंत की फेरी बाद, कार्डावर फेरी पुरी केल्याचा शिक्का नाही. त्या बदल्यात कॅप्टननं कुणाला मागे सोडायचं नाही.

आणि हा गुल्वेन, यंदाचा नवा कॅप्टन, दुपारच्या जेवणानंतर असा सुटला की जणू घरी दूध उतू चाललंय! का, तर महागड्या सायकलींवरची तीन पोरं त्याच्या पाठीला चिकटलेली. त्यांच्यासमोर मिशीला पीळ द्यायचा होता ना!

इकडे मागे स्वाझिक गळत चाललेली. सत्तरी उलटलेली बाई, रोझेनच्या शेजारच्या गाळ्यावर जन्मभर कालवं विकलेली. हिवाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. "एवढी फेरी पुरी केली की सायकल टांगून ठेवते," असं सगळ्यांना सांगून निघाली होती. चढावर अंतर पडलं ते वाढतच गेलं. तिच्या मागे फक्त क्लबची गाडी, दमलेल्यांना उचलायला.

"ए गुल्वेन! हळू! स्वाझिक मागे राहिली!" रोझेन ओरडली.

"गाडी आहे ना मागे," तो मानही न वळवता म्हणाला. "दमली असेल तर बसेल गाडीत."

"गाडीत तू बस, मेल्या! माझ्या टोपलीतला खेकडासुद्धा तुझ्यापेक्षा सरळ चालतो!"

पोरं फिदीफिदी हसली. झालं! दातओठ खात रोझेन घोळक्याच्या कडेनं पुढे सरकली आणि गेली की हो, कॅप्टनच्या पुढे! रस्त्याच्या मधोमध येऊन तिनं वेग असा पाडला की मागे सगळ्यांचे ब्रेक किंचाळले.

"तुझी फेरी बाद!" गुल्वेन ओरडला.

"खड्ड्यात घाल तुझा शिक्का!"

स्वाझिक येऊन पोचली. लालबुंद, घामानं निथळत, एक अक्षर न बोलता. रोझेन घोळक्याच्या शेपटाला आली, तिला आपल्या मागे घेतलं आणि समोरून येणारं समुद्रावरचं वारं अंगावर झेलत शेवटपर्यंत ओढून आणलं. "चल गं! हरायचं नाही! बघू दे त्या टिकोजीला!" तोंडाचा पट्टा सारखा चालू.

क्लबच्या मंडपात स्वाझिकच्या कार्डावर शिक्का पडला, टाळ्या झाल्या. रोझेनचं कार्ड कोरंच. ती आपली काळ्या गव्हाची धिरडी आणि सफरचंदाची दारू घेऊन ऐटीत मैत्रिणीशेजारी बसली. "कशी जिरवली त्याची!"

स्वाझिकनं कार्ड टेबलावर उपडं टाकलं. गुडघा टम्म सुजला होता.

"मला गाडीतच बसायचं होतं, रोझेन."

"काय?"

"चढावरच. नाही झेपलं. गुपचूप हात करणार होते गाडीला. तेवढ्यात तू सगळ्यांना माझ्यासाठी थांबवलंस."

"मग बोलायचं की! तोंड शिवलं होतं तुझं?"

"तुझ्यासमोर?" स्वाझिकचा आवाज एकदम चढला, मंडपातली चार डोकी वळली. "तुझ्यासमोर मी कधी 'नाही' म्हणू शकले गं? आज तरी कशी म्हणणार होते?"

रोझेननं धिरड्याची बशी बाजूला सारली. मग ती उठली, पलीकडच्या टेबलावरच्या कालवांच्या परातीतला बर्फ फडक्यात बांधला आणि तो स्वाझिकच्या गुडघ्यावर धरून खाली बसली.